टेपताईंचा भागाकार

टेपताईंच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळे त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज आम्ही सव्वीस वर्षं ऐकत आलो. पायाने चालवायचं जुनं मशीन होतं. सकाळी आठला सुरू व्हायचं, एकला बंद. दोनला सुरू, सहाला बंद. मध्ये थांबायचं ते दोरा भरायला, नाहीतर कापड फिरवायला. पलीकडे पडदा शिवताहेत की बाही, हे मी आवाजाच्या लांबीवरून सांगायचो. बायको म्हणायची, "घरातलं माणूस हाका मारतं ते यांना ऐकू येत नाही, शेजारची बाही बरोबर ऐकू येते."

गळ्यात कायम टेप, म्हणून मोठ्यांसाठी टेपताई, लहानांसाठी टेपआजी. भाजी आणायला निघाल्या तरी टेप गळ्यातच. नवरा लवकर गेला. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. त्या मशीनवर मुलीला शिकवलं, तिचं लग्न केलं, आणि कोणासमोर कधी हात पसरला नाही.

त्यांचा एक नियम होता. दुसऱ्याने सांगितलेलं माप त्या घेत नसत. कोणी म्हणालं, "कंबर बत्तीस लिहा", की त्या म्हणायच्या, "उभी राहा." महिन्यापूर्वीच माप दिलं होतं म्हणालं तरी, "माप शिळं होतं. उभी राहा." दोनदा मोजायच्या, आकडा मोठ्याने बोलायच्या, मगच खडू हातात घ्यायच्या. एका बाईने एकदा सांगितलं, माझ्या सासूबाईंना यायला जमत नाही, मापाचा ब्लाउज आणलाय. टेपताईंनी तो ब्लाउज परत केला आणि टेप घेऊन तीन जिने चढून सासूबाईंकडे गेल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडून कापड वाया गेलेलं मी ऐकलं नाही.

मी विमानतळावर सामान चढवायचो. एकतीस वर्षं. विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून बॅगा लावायच्या. दीडशे-एकशे साठ बॅगा, तीन माणसं, चाळीस मिनिटं. आत कोण आणि बॅगा वर चढवणाऱ्या पट्ट्यावर कोण हे आम्ही आळीपाळीने ठरवायचो. मी बहुतेक आतच असायचो, कारण मी बॅगा घट्ट लावायचो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बॅग सैल लागली तर हवेत सरकते, ते चालत नाही.

त्या कामामुळे आमच्या इमारतीत विमानाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता. कोणाचा भाऊ कुठे निघाला की लोक माझ्याकडे यायचे. किती वजन चालतं, कात्री नेता येते का, किती वेळ लागतो. मी पटापट उत्तरं द्यायचो. बायको म्हणायची, "विमानतळ यांच्याच नावावर आहे, आपल्याला भाडं तेवढं येत नाही."

एकतीस वर्षांत मी विमानात प्रवासी म्हणून एकदाही बसलो नव्हतो. हे लोकांना माहीत होतं, पण कोणाला ते महत्त्वाचं वाटत नव्हतं. मलाही नाही.

माझी नोकरी संपायला एक वर्ष उरलं होतं तेव्हा टेपताईंच्या मुलीने तिकीट पाठवलं. मुलगी खूप लांब राहायची. तिचे दिवस भरत आले होते. जावयाला सुट्टी फक्त चार दिवसांची, तिथे दुसरं कोणी नाही. पहिले पंधरा दिवस आई जवळ हवी, एवढीच तिची मागणी. आमच्या विमानतळावरून तिथे थेट विमान नुकतंच सुरू झालं होतं.

टेपताई तिकिटाचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल.

"भाऊ, अंतर किती आहे रे?"

मला अंतर पाठ होतं. आमच्या हजेरीच्या खोलीबाहेर नव्या मार्गाचा मोठा कागद लावला होता. "बारा हजार चारशे किलोमीटर."

"आणि विमान ताशी किती जातं?"

"साडेआठशे धरा."

"आणि वेळ किती लागतो?"

मी तिकीट हातात घेतलं. निघणार सकाळी नऊ वीसला. पोचणार दुपारी अडीचला, त्याच दिवशी. "पाच तास दहा मिनिटं," मी म्हणालो. "सकाळचं आवरून निघाल ते दुपारच्या चहाला मुलीकडे."

हा हिशोब मी कसा केला ते सांगतो, कारण सगळी चूक तिथे आहे. माझी सगळी नोकरी जवळच्या विमानांवर गेली. तासा-दीड तासाची, फार तर तीन तासांची. त्या विमानांची निघायची आणि पोचायची वेळ घेऊन वजाबाकी केली की लागणारा वेळ बरोबर निघतो. मी ती वजाबाकी हजार वेळा केली होती आणि हजार वेळा बरोबर आली होती. लांबच्या देशात घड्याळ वेगळं असतं, हे माझ्या कानावर होतं. पण तिकिटावर छापलेली वेळ तिथल्या घड्याळाची असते, हे डोक्यात आलं नाही.

टेपताई गेल्या आणि अर्ध्या तासाने परत आल्या.

"भाऊ, जमत नाही."

"काय जमत नाही?"

"बारा हजार चारशेला साडेआठशेने भाग दिला. साडेचौदाच्या वर येतात. तू पाच म्हणतोस."

मी तेव्हा जेवायला बसलो होतो. पाळी करून आलो होतो, गुडघे दुखत होते. पण थकवा हे कारण नाही. कारण वेगळं होतं. एक शिवणारी बाई मला विमानाचं गणित शिकवत होती, आणि माझी बायको समोर बसून ऐकत होती.

"ताई, ते कागदावरचं गणित झालं," मी म्हणालो. "वर वारा असतो. मागून वारा लागला की विमान ढकललं जातं."

"मग परतीचं तिकीट बघ. येताना तेवीस तास वीस मिनिटं दिसताहेत."

"मग तेच सांगतोय ना. येताना वारा समोरून."

"एवढा वारा?"

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही बाही बघा. विमान मी बघतो."

टेपताई हसल्या. वाईट वाटून घेतलं नाही, निदान दाखवलं तरी नाही. "बरं बाबा, तू म्हणशील तसं." जाताना दारात थांबल्या. "पाच तासच असतील तर एक बरं झालं. मला वर उठावं लागणार नाही."

"कशाला उठायचं?"

"अरे, बाथरूमला. अनोळखी माणसांना उठवून मध्येच जायचं म्हणजे कसंतरी होतं. पाच तास मी काढीन. सकाळपासून पाणीच पिणार नाही."

मी म्हणालो, "छान." खरंच म्हणालो. वर आणखी एक उपकार केला. तिकीट तपासायच्या काउंटरवरची मुलगी माझ्या ओळखीची. तिला सांगून टेपताईंना खिडकीची जागा मिळवून दिली. शेजारी दोन माणसं, मग वाट. उठायचं तर दोघांना उठवावं लागणार. ढग बघायला मिळतील, म्हणून मी खूश होतो.

त्या दिवशी त्या विमानाचं सामान मीच चढवलं. लांबच्या विमानावर माझी पाळी नव्हती, मागून घेतली. टेपताईंची बॅग मी ओळखली. हँडलला कापडाची चिंधी शिवलेली होती, चारही बाजूंनी बारीक टाके. ती मी भिंतीला टेकवून नीट लावली.

पुढे वर काय झालं, ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं.

पाच तास त्या हलल्या नाहीत. दोनदा पाणी आलं, नको म्हणाल्या. चहा आला, नको. हातातलं घड्याळ बघत होत्या. अडीच वाजले. विमान उतरायचं नाव काढेना. तेव्हा त्यांनी विचार केला, आता उतरेलच, दहा मिनिटांसाठी कशाला कोणाला उठवा. तीन वाजले. शेजारची दोघं झोपली होती. आता उतरेल. चार वाजले. कोणाला विचारावं तर भाषा येत नाही. समोर छोटा पडदा होता, पण हात लावला तर बिघडेल म्हणून लावला नाही. चौदा तास आधीच माहीत असते तर त्या पहिल्याच तासाला उठल्या असत्या, पाणीही प्यायल्या असत्या. चौदा तास कोणीच बसून काढणार नाही. पण आता उतरेल, आता उतरेल करत माणूस किती वेळही बसतं. त्या साडेचौदा तास खिडकीशी पाय मुडपून बसल्या.

तिसऱ्या दिवशी उजवा पाय सुजला. पाचव्या दिवशी श्वास घेता येईना. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा तुकडा छातीपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, की प्रवासात पाणी किती प्यायलात, आणि किती वेळा उठलात.

मुलगी त्याच आठवड्यात बाळंत झाली. त्याच दवाखान्यात. मुलगी चौथ्या मजल्यावर, आई दुसऱ्या मजल्यावर. जिच्यासाठी एवढ्या लांब गेल्या, तिच्याजवळ त्यांना अकराव्या दिवशी नेलं, तेही चाकांच्या खुर्चीत बसवून. चार दिवसांनंतर जावई कामावर गेला होता. मधले दिवस ती पोर बाळाला घेऊन एकटी होती आणि आईला काय झालंय ते नर्सला विचारत होती.

मुलीचा फोन माझ्या बायकोला आला. बायकोने फोन खाली ठेवला आणि मला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ती विचारत होती, आईला पाच तास कोणी सांगितले."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, विचारून सांगते."

मी दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीला गाठलं. विचारलं, त्या दिवशी विमानाला किती उशीर झाला. तिने मशीनमध्ये बघितलं. "उशीर नाही काका. दहा मिनिटं आधीच उतरलं."

"म्हणजे दोन वीसला. पाच तासांत."

ती हसली. "काका, तिथले दोन वीस. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे बारा वाजायला आले होते." मग तिने कागद घेतला, दोन घड्याळं काढली आणि लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. वाऱ्याचा विषय मी काढलाच नाही.

घरी आलो. बायकोने विचारलं, "काय कळलं?"

"विमानाला उशीर झाला होता," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ताटं घ्यायला उठली. नंतर तिने तो विषय काढला नाही. टोमणासुद्धा नाही, आणि ही बाई टोमण्याशिवाय दिवस घालवत नाही. इमारतीत मात्र तिने मी सांगितलं तेच सांगितलं. जिन्यात लोक विमानवाल्यांना शिव्या घालू लागले. काय ही माणसं, म्हातारीला नऊ तास लटकवलं. मी तिथे उभा राहून मान हलवली.

टेपताईंनी जाताना किल्ली आमच्याकडे दिली होती. आठवड्यातून एकदा खिडकी उघडायची, मशीनला तेल द्यायचं. हे काम मी करायचो. एक दिवस तेलाची बाटली शोधताना मशीनच्या खणात खाकी कागद सापडला. कपड्याचे आकार कापायचा जाड कागद. त्यावर पेन्सिलीने भागाकार होता. बारा हजार चारशे भागिले साडेआठशे. सगळ्या पायऱ्या सुबक मांडलेल्या, उत्तर साडेचौदाच्या वर. बाजूला लहान अक्षरात यादी: पाणी, दर दोन तासांनी उठणे, वाटेकडची जागा मागणे.

या सगळ्यावर एक सरळ रेघ. पट्टी लावून मारलेली. खाली लिहिलं होतं, "भाऊ म्हणतो ५ तास १०."

मी तो कागद होता तसा ठेवला. तेल दिलं. खिडकी लावली. आयुष्यात पडेल ते काम केलं, ओझी उचलली, पण त्या दिवशी तो जिना उतरून खाली चौकात जायला मला जमेना. खाली माणसं बसली होती.

पाच महिन्यांनी टेपताई परत आल्या. मी साहेबांची परवानगी काढून चाकांची खुर्ची घेऊन विमानाच्या दारापर्यंत गेलो. ठरवलं होतं, दारापासून बाहेरच्या फाटकापर्यंत साधारण अकराशे पावलं आहेत, तेवढ्यात सांगून टाकायचं.

त्या बारीक झाल्या होत्या. उजव्या पायात घट्ट लांब मोजा. गळ्यात टेप.

"काय भाऊ, गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत."

पहिली तीनशे पावलं मी हवेबद्दल बोललो. पुढची तीनशे बॅगांबद्दल. मग त्याच म्हणाल्या, "येताना किती वेळ लागला, विचार की."

"किती?"

"तेरा तास पन्नास मिनिटं. घड्याळ लावून मोजले. दर तासाला उठले. शेजारच्याला शेवटी कंटाळा आला, त्यानेच जागा बदलून दिली."

बोलण्याचं दार त्यांनीच उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. मी म्हणालो, "ताई, इथे उतार आहे, पाय वर घ्या." आणि राहिलेली पाचशे पावलं नुसती खुर्ची ढकलली.

इमारतीत सगळे जमले. कोणी बॅग घेतली, कोणी पाणी दिलं. खालच्या मजल्यावरचा रंगारी म्हणाला, "टेपताई, त्या विमानवाल्यांवर खटला भरा. नऊ तास उशीर म्हणजे काय?"

"उशीर?" टेपताई म्हणाल्या.

"हो, यांनीच सांगितलं ना." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माप घेताना माणूस सरळ उभं राहायची वाट बघायच्या, तसं बघितलं. दोन-तीन सेकंद थांबल्या. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

"असेल," त्या म्हणाल्या. "झाला असेल उशीर."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मशीन सुरू झालं. मी भिंतीशी बसलो होतो. सहा मिनिटं चाललं आणि थांबलं. मला वाटलं दोरा भरताहेत. वीस मिनिटं गेली. पुन्हा सुरू, पाच मिनिटं. पुन्हा बंद. पाय खाली सोडून बसलं की सूज चढायची, मग पाय वर घेऊन पडून राहायला लागायचं. मुलीने मशीनला जोडायला मोटर दिली होती. ती त्यांनी दोन दिवसांत काढून टाकली. "माझ्या हाताच्या पुढे पळते," म्हणाल्या. पडद्यांचं काम त्यांनी परत केलं. मग ब्लाउज परत केले. मी अकरा दिवस ते थांबत थांबत चालणारं मशीन ऐकलं. बायकोही ऐकत होती. अकराव्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "पाच मिनिटं सुद्धा झाली नाहीत आज."

मी उठलो आणि शेजारी गेलो. त्या खाटेवर उशीवर पाय ठेवून हाताने शिवण उसवत होत्या.

"ताई, विमानाला उशीर झाला नव्हता."

"माहीत आहे."

"मी वजाबाकी चुकलो. आणि तुमचा भागाकार बरोबर होता. मी तो कागद बघितला. आणि सगळ्यांना खोटं सांगितलं."

"तेही माहीत आहे." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तू चुकलास, त्याचं मला एवढं नाही. तीस वर्षं बॅगा उचलतोस, घड्याळाचं कळलं नाही, होतं. मला माझाच राग येतो. जन्मभर कोणाच्या सांगण्यावर कात्री लावली नाही. आणि बरोबर आलेल्या गणितावर मी रेघ मारली. का, तर तू म्हणालास, बाही बघा."

मी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचू लागलो.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मला माहीतच होतं. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग. आणि माझ्या मुलीला फोन कर. ती अजून मला विचारते, आई, तू अडाण्यासारखी बसून का राहिलीस."

फोन आधी केला. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, मी आईला फार बोलले हो त्याबद्दल." मामा म्हणायची ती मला लहानपणापासून. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जिन्यात सांगायला संध्याकाळ निवडली, सगळे असतात तेव्हाची. सांगितलं. रंगारी म्हणाला, "म्हणजे वारा-बिरा काही नव्हता?" मी म्हणालो, नव्हता. कोणी हसलं, कोणी हसलं नाही. तेव्हापासून इमारतीत माझं नाव 'पाच-दहा' पडलं. आता नोकरी सुटून सात वर्षं झाली, नाव सुटलं नाही. कोणी अजूनही विचारायला येतं, अमुक ठिकाणी किती वेळ लागतो. मी सांगतो, मला माहीत नाही, काउंटरवर विचारा. लोकांना वाटतं मी रागावलोय.

त्या वर्षी नोकरी संपली तेव्हा मी टेपताईंना विचारलं, काय करून देऊ. त्या नको म्हणाल्या. पंधरा दिवस रोज विचारलं. शेवटी म्हणाल्या, "खुर्चीत बसून हातशिलाई करताना पाय ठेवायला स्टूल लागेल. उंची सव्वा अकरा इंच. वर अर्ध्या इंचाची गादी मी शिवीन. मी मोजलंय."

मी लाकूड आणलं. सुतारकाम माझं नाही, तरी चार दिवसांत केलं. पाय घट्ट बसवले, कडा घासल्या, हलत नाही ते दोनदा बघितलं. पाचव्या दिवशी घेऊन गेलो. त्यांनी गळ्यातला टेप काढला, स्टुलाच्या एका पायाला लावला, मग उरलेल्या तिन्ही पायांना. आकडा मोठ्याने बोलल्या.

"साडेअकरा."

"पाव इंचाने काय होतं, ताई?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. टेप तसाच पायाला धरलेला.

मी स्टूल उचललं, खाली नेलं आणि करवत काढली. चारही पायांवर आधी खूण केली. मग त्यांना खाली बोलावलं नाही, मीच वर गेलो, टेप मागून आणला, आणि करवत लावायच्या आधी पुन्हा मोजलं.